पोथीचे वय माती सांगते

देहूरोडहून लोणावळ्याकडे जाताना कार्ल्याची लेणी लागतात. तिथल्या एका शिलालेखात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात भिक्षूंना करजिक गाव देतो. दुसऱ्यात तेच गाव सातवाहन राजा नव्याने देतो. आधी क्षत्रप, मग सातवाहन, हा क्रम त्यावरून कळतो.

वय ठरते ते अशा ज्ञात राजाशी किंवा घटनेशी जोडून; ख्रिस्ती हस्तलिखितांनाही हाच न्याय. सीरियातल्या दुरा-युरोपस येथे १९३३ मध्ये तटालगतच्या भरावात ग्रीक शुभवर्तमानाचा तळहाताएवढा चर्मपत्राचा तुकडा सापडला. तो भराव इराणच्या सासानींपासून बचावासाठी घातला होता; त्यांनी शहर इ.स. २५६च्या सुमारास जिंकले, म्हणून तुकडा त्याआधीचा. नुसत्या अक्षरवळणावरून बांधलेला अंदाज पाऊणशे वर्षेही मागेपुढे होऊ शकतो.

कार्ल्याभोवतीच्या मावळातही जुनी वस्तू आढळली तर ती जागची हलवू नका. पुरातत्त्व विभागाला कळवा. ती जागा हाच तिचा जन्मदाखला असतो.