उपवासकाळातील पायी यात्रा

नाथषष्ठी जवळ आली की पैठणकडे पायी जाणाऱ्या दिंड्या आपल्या जिल्ह्यातील लहानथोरांच्या परिचयाच्या आहेत. बहुधा त्याच दिवसांत ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळ चालू असतो. या काळात कॅथोलिक लोक एका देवळातून दुसऱ्या देवळात पायी का जातात, असे हर्सूलचे विद्यार्थी आम्हांस विचारितात. देव सर्वत्र आहे, तर एकाच देवळात बसून प्रार्थना केल्यास काय उणे पडते? प्रश्न रास्त आहे, आणि त्याच्या उत्तरासाठी रोम शहराकडे वळले पाहिजे.

उपवासकाळ भस्मबुधवारी सुरू होतो व पुनरुत्थानाच्या सणापर्यंत चालतो. रविवार वगळता त्याचे दिवस चाळीस भरतात. प्राचीन काळी रोमचे बिशप, म्हणजे पोप, या दिवसांत रोज निराळ्या देवळात उपासना चालवीत. लोक आधी जवळच्या एखाद्या देवळात जमत आणि तेथून संतांची नावे घेत, प्रार्थना गात, त्या दिवसाच्या देवळाकडे चालत जात. त्या देवळास ‘स्तातियो’ म्हणत. हा शब्द पहाऱ्यासाठीही वापरला जाई. उपवास करणाराने पहाऱ्यावरील शिपायाप्रमाणे जागे असावे, ही कल्पना त्यात आहे.

आम्हांस या प्रथेतील मोलाची गोष्ट वेगळीच वाटते. शहर मोठे, वस्त्या दूर दूर. दूरच्या वस्तीतील गरिबाने बिशपाकडे जावे, त्याऐवजी बिशपच एकेका दिवशी त्याच्या वस्तीत येत, आणि साऱ्या शहरातील लोक त्यांच्यामागून तेथे येत. पोप थोर ग्रेगरी (५९० ते ६०४) यांनी या क्रमास व्यवस्था लाविली. पुढे १३०९ पासून पोप फ्रान्समधील आव्हिन्यों येथे राहू लागले आणि प्रथा क्षीण झाली. विसाव्या शतकात पोप तेविसावे योहान यांनी भस्मबुधवारची फेरी पुन्हा सुरू केली. ती पाचव्या शतकातील सांता साबिना या देवळात जाते. त्याच्या लाकडी दारावर ख्रिस्ताच्या वधस्तंभाचे एक अतिप्राचीन कोरीव चित्र आजही आहे.

याच रोममध्ये संत फिलिप नेरी यांनी सोळाव्या शतकात सात देवळांची यात्रा लोकप्रिय केली. चाल वीस किलोमीटरांच्या वर, म्हणजे आपल्या शहरापासून दौलताबादेहून लांब. उपवासापूर्वीच्या कार्निव्हलात शहर खाण्यापिण्यात दंग असता फिलिप मंडळीस घेऊन निघत. वाटेत गाणी होत, मळ्यात बसून शिदोरी सोडीत. हा जमाव जमवून नवा पंथ काढतो की काय, असा अधिकाऱ्यांस संशय आला व १५५९ च्या सुमारास त्यांस काही काळ मनाई झाली. ते मुकाट्याने थांबले. पुढे यात्रा पुन्हा चालू झाली. ते १५९५ मध्ये वारले, आणि चारच वर्षांनी पैठणास एकनाथमहाराजांनी देह ठेविला.

मोटारीने गेल्यास चालेल काय, असेही काही मुले विचारितात. जाता येईल, परंतु मागे राहिलेल्या म्हाताऱ्यासाठी थांबण्याचा प्रसंग मोटारीत येत नाही.

इतक्या दूर जाणे नको असल्यास गोवा आहे. तेथे गोवा वेल्हा गावी, उपवासकाळातील पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी, संत आंद्रेच्या देवळातून संतांच्या मूर्तींची मोठी मिरवणूक निघते. पालकांनी मुलांस ती एकवार दाखवावी.