दिवसा गोठा दिसतो, रात्री स्क्रीन काळी; दोष केबलच्या लांबीचा

वस्तीवर आता सीसीटीव्ही सर्रास दिसतात. घर एकीकडे, गोठा किंवा कांदा चाळ अडीचशे फुटांवर. दिवसभर मोबाईलवर जनावरं स्पष्ट दिसतात आणि अंधार पडला की चित्र लुकलुकतं, नाहीतर गायबच होतं. म्हणजे ज्या वेळेसाठी पैसे घातले, नेमका त्याच वेळी कॅमेरा आंधळा. मालक म्हणतो कॅमेरा डुप्लिकेट निघाला. बऱ्याचदा कॅमेरा चांगला असतो, दोष वायरीत असतो.

नेहमीच्या 'थ्री प्लस वन' केबलमध्ये चित्राची एक वायर आणि विजेच्या बारीक वायरी असतात. चांगल्या केबलमधून चित्र दीडशे मीटरही जातं. अडतं ते विजेपाशी. घरातल्या ॲडॉप्टरमधून १२ व्होल्ट निघतात आणि वायर जितकी लांब नि बारीक, तितके वाटेत जिरतात. रात्री कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागले की त्याला जास्त करंट लागतो, म्हणून गळतीही वाढते. हिशेब असा : अर्धा अँपिअर घेणारा कॅमेरा, ८० मीटर अंतर, अर्धा चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची वायर. जाऊन-येऊन १६० मीटर वायर झाली, त्यात जवळपास ३ व्होल्ट जातात. कॅमेऱ्याला उरतात ९. वायर ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली असेल तर आणखी कमी. ब्लेडने खरवडून बघावं, आत पांढरं दिसलं की समजावं.

पैसे देण्याआधी तपासायची सोपी युक्ती आहे. भरदुपारी कॅमेऱ्यावर गोणपाट टाकायचं. त्याला रात्र वाटते, दिवे लागतात. त्याच वेळी कॅमेऱ्याच्या टोकाला मीटर लावून व्होल्ट मोजायचे. कॅमेरा काढून मोजलं तर मीटर १२ च दाखवतं आणि बसवणारा सुटतो.

उपाय काय? ॲडॉप्टर गोठ्यातच लावला की गळतीचा प्रश्न मिटतो. पण तिथली वीज शेतीच्या फीडरची, पाळीने आठ तास येणारी असेल तर वीज गेली की कॅमेराही गेला. इन्व्हर्टर घरात आहे ना. अशा ठिकाणी आयपी कॅमेरा आणि 'पीओई' स्विच बरा. एकाच कॅट-सिक्स केबलमधून चित्र आणि ४८ व्होल्टच्या आसपास वीज जाते. व्होल्ट जास्त म्हणून करंट कमी, म्हणून गळती किरकोळ. खर्च जास्त येतो, हे खरं. या केबलची मर्यादा मात्र १०० मीटर. खोक्यात ३०५ मीटर येते म्हणून तेवढी ओढायची नसते. १२ व्होल्टच पुढे पाठवणारे स्वस्त 'पीओई' जोड मिळतात, त्यांनी काही फरक पडत नाही.

मोटारीच्या वायरीसोबत एकाच पाइपात ही केबल घालू नये, चित्रात आडव्या रेषा येतात. पाइप दोन फूट खोल पुरावा, नाहीतर नांगर लागतो. मध्ये टेप गुंडाळून जोड तर नकोच, पहिल्या पावसात पाणी शिरतं.

विहीर शंभर मीटरच्या पुढे असेल तर फायबर आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर. फायबरमधून वीज जात नाही, तेव्हा कॅमेऱ्याला तिथेच वीज किंवा सोलर लागेल. पण एक फायदा मोठा आहे. वळवाच्या पावसात जवळ वीज कडाडली की तांब्याच्या वायरीतून झटका घरातल्या रेकॉर्डरपर्यंत येतो. साध्या फायबरमध्ये धातूच नसतो, त्यातून तो येत नाही.