प्रशांत महासागर तापतो, चितेगावची उधारी अडकते

औरंगाबाद (छत्रपती संभाजीनगर) ते पैठण रस्त्यावरील चितेगावचे नाव एकेकाळी व्हिडिओकॉनच्या कारखान्यामुळे राज्यभर पोहोचले. अशा गावातील दुकानदाराकडे दोन प्रकारचे गिऱ्हाईक येते. एक कारखान्याच्या पगारावर जगणारे, दुसरे आसपासच्या खेड्यांतील शेतकरी. पहिला पगार झाला की पैसे देतो, दुसरा कापूस विकल्यावर. म्हणजे जूनमध्ये शेतकऱ्याच्या नावावर लिहिलेला माल दिवाळीपर्यंत वहीतच राहतो. ही उधारी वसूल होणार की बुडणार, हे पावसावर ठरते आणि पावसाचे सूत्र पुष्कळदा हजारो मैलांवरील प्रशांत महासागराच्या हाती असते. हे गणित आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांनी समजून घेणे फायद्याचे आहे.

व्यापारी वारे मंदावतात तेव्हा

विषुववृत्ताजवळ प्रशांत महासागरावर पूर्वेकडून पश्चिमेकडे वारे वाहतात. शिडाची जहाजे त्यांच्या भरवशावर चालत. त्यांना ‘व्यापारी वारे’ म्हणतात. हे वारे वरचे तापलेले पाणी इंडोनेशियाकडे ढकलतात. त्यामुळे तेथील समुद्राची पातळी दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापेक्षा सुमारे अर्धा मीटर उंच असते. गरम पाण्यावरची हवा वर चढते, ढग धरतात, पाऊस पडतो. पलीकडे पेरू देशाच्या किनाऱ्याला खालचे थंड पाणी वर येते आणि मासळी उदंड मिळते.

दर २ ते ७ वर्षांनी हे वारे मंदावतात. साठलेले गरम पाणी पूर्वेकडे सरकते आणि त्यामुळे वारे आणखी दुबळे होतात. नाताळच्या सुमारास येणाऱ्या या गरम पाण्याला पेरूच्या कोळ्यांनी ‘एल निनो’ म्हणजे बालक असे नाव दिले. अशा वर्षी ढगांचे ठाणे महासागराच्या मध्याकडे हलते. इंडोनेशिया ते भारत या पट्ट्यावर हवा वर चढण्याऐवजी खाली उतरते. उतरत्या हवेत ढग धरत नाहीत आणि मान्सून लंगडा पडतो. याउलट वारे जोरात असले व पूर्वेचे पाणी नेहमीपेक्षा थंड झाले, तर त्यास ‘ला निना’ म्हणतात. त्या वर्षी आपल्याकडे बहुधा पाऊस चांगला होतो.

मान्सून हा शब्दच अरबी ‘मौसिम’वरून आला. अरब खलाशी व व्यापारी वाऱ्यांचा मौसम पाहून माल भरत. वारे पाहून व्यापार करणे ही जुनीच रीत आहे. पुढे सर गिल्बर्ट वॉकर हे १९०४ साली भारतीय हवामान खात्याचे प्रमुख झाले. मान्सूनचा अंदाज कसा बांधावा याचा शोध घेताना, प्रशांत महासागराच्या दोन टोकांना हवेचा दाब तराजूच्या पारड्यांसारखा वरखाली होतो, हे त्यांनी दाखविले. या तराजूचा व समुद्राच्या तापण्याचा संबंध जेकब बियर्कनेस यांनी १९६०च्या दशकात जोडला.

बहात्तरचा दुष्काळ, सोयाबीनचा भाव

आपल्या वडीलधाऱ्यांनी सोसलेला १९७२चा दुष्काळ एल निनोच्याच वर्षातला. त्याच सुमारास पेरूची मासेमारी कोसळली. तेथील मासळीची भुकटी जगभर जनावरांना व कोंबड्यांना घालत असत. ती मिळेना म्हणून मागणी सोयाबीनच्या पेंडीकडे वळली, भाव भडकले आणि जून १९७३ मध्ये अमेरिकेने सोयाबीनची निर्यातच काही काळ रोखली. एका किनाऱ्याचे पाणी तापले आणि दुसऱ्या खंडातील बाजार हलला.

अलीकडचा दाखला २०१४ व २०१५चा. देशात मान्सून अनुक्रमे सरासरीच्या ८८ व ८६ टक्के झाला. २०१५ साली एल निनो अत्यंत जोरदार होता. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. पैठणच्या जायकवाडी धरणाचा उपयुक्त साठा संपला. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने मद्याच्या कारखान्यांचे पाणी ६० टक्क्यांपर्यंत कापण्यात आले, इतर उद्योगांनाही कपात सोसावी लागली. म्हणजे शेतकरी गिऱ्हाईक तर गेलेच, पण पगारदार गिऱ्हाईकाच्या कारखान्यालाही झळ बसली. येथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जायकवाडीचे बहुतेक पाणी नाशिक व अहिल्यानगरकडून येते. चितेगावात सरी बरसल्या म्हणून धरण भरेल, असे समजू नये.

दरवेळी दुष्काळच असे नाही

१९९७चा एल निनो गेल्या शतकातील सर्वांत जोरदार एल निनोंपैकी होता, तरी त्या वर्षी देशात १०२ टक्के पाऊस झाला. याचे एक कारण आपल्या हिंदी महासागरात सापडले. त्याची आफ्रिकेकडील बाजू गरम व इंडोनेशियाकडील बाजू थंड राहिली, तर मान्सूनला बळ मिळते. ही घडण शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये मांडली. उलट २००२ चा एल निनो मध्यम असूनही जुलैचा पाऊस निम्म्याने घटला व मोसम ८१ टक्क्यांवर संपला. म्हणून एल निनोची बातमी ही हुंडी नव्हे, तो केवळ धोक्याचा इशारा होय.

पाऊस जेमतेम पडला तरी बाजार हलतोच. २०२३ साली मोसम ९४ टक्क्यांवर संपला, पण ऑगस्ट हा १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. सरकारने जुलैत बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली, ऑगस्टमध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क बसविले आणि डिसेंबरात कांद्याची निर्यातच थांबविली. खाद्यतेलाचेही तसेच. आपला देश गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो, त्यात मोठा वाटा इंडोनेशिया व मलेशियाच्या पामतेलाचा. तेथे पाऊस हुकला की काही महिन्यांनी पामचे उत्पादन घटते. भजी-समोसे तळणाऱ्यापासून बेकरीवाल्यापर्यंत सर्वांना त्याचा हिशेब द्यावा लागतो.

आपण काय करावे?

हवामान खाते एप्रिलमध्ये मान्सूनचा पहिला अंदाज देते, मेअखेर तो सुधारते आणि पुढे महिन्याचे अंदाजही देते. ते अवश्य वाचावेत. एल निनोचा इशारा असेल तर जूनमध्ये उधारीला मर्यादा घालावी व दिवाळीचा सगळा माल एकदम न भरता टप्प्याटप्प्याने भरावा. ऑगस्टचा पाऊस पाहूनच पुढची मागणी नोंदवावी. शेतीची अवजारे करणारे लोहार, सुतार व वेल्डर यांनी लोखंड-लाकूड बेताने घ्यावे. कूलर व पंखे दुरुस्त करणाऱ्यांनी मात्र तयारी ठेवावी, कारण एल निनोनंतरचा उन्हाळा बहुधा कडक जातो. ज्यांच्या धंद्यास पाणी लागते, त्यांनी नाशिकच्या पावसावर व जायकवाडीच्या साठ्यावर नजर ठेवावी.

उधारी अजिबात बंद करणे मात्र शहाणपणाचे नाही. कोरड्या वर्षी ज्याने शेतकऱ्याला सांभाळून घेतले, त्याच्याच दुकानी तो पुढच्या वर्षी पहिला येतो. फक्त आपल्या भांडवलाला पेलेल इतकीच उधारी द्यावी आणि तो आकडा पाऊस सुरू होण्यापूर्वीच ठरवून घ्यावा.