पंखाच्या टोकाची किंमत

छोट्या विमानाच्या पंखाचे टोक गोल असावे, चौकोनी असावे की वर वळलेले? प्रश्न दिसण्यापुरता वाटतो. प्रत्यक्षात उड्डाणानंतरच्या पहिल्या काही क्षणांत विमान किती जोमाने वर चढेल, हे काही अंशी या टोकावर ठरते.

उडताना पंखाखाली हवेचा दाब जास्त असतो, वर कमी. या फरकामुळेच विमान उचलले जाते. पण पंख संपतो तिथे खालची हवा कडेने वळसा घालून वर धावते आणि टोकामागे भोवरा तयार होतो. तो फिरवण्याची ऊर्जा शेवटी इंजिनालाच पुरवावी लागते. विमानाला मागे खेचणाऱ्या या ओढीला ‘प्रेरित रोध’ म्हणतात.

हा रोध कमी वेगात वाढतो. सरळ उड्डाणात वेग निम्मा झाला, तर तो चौपट होतो. जमिनीलगत मात्र भोवऱ्याला पसरायला जागा मिळत नाही, म्हणून रोध घटतो आणि विमान लवकर उचलले जाते. थोडे वर गेले की रोध पुन्हा वाढतो. उन्हाळ्यातील विरळ हवा आणि जास्त वजन असेल, तर लहान इंजिनाचे विमान कधी कधी चढतच नाही. समोर झाडे असतील, तर अपघात होऊ शकतो.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे लांब पंख. ग्लायडरचे पंख म्हणूनच लांब आणि अरुंद असतात. पण लांबीबरोबर वजन वाढते, शिवाय हँगरमध्ये जागाही हवी. जर्मन अभियंता सिगहार्ड होर्नर यांच्या नावाने ओळखले जाणारे टोक खालून तिरके कापलेले आणि वर धारदार असते. त्यामुळे भोवरा बाहेर सरकतो व पंख किंचित लांब असल्यासारखा वागतो. ‘नासा’चे रिचर्ड व्हिटकॉम्ब यांनी १९७६ मध्ये उभ्या ‘विंगलेट’वरील संशोधन प्रसिद्ध केले. बर्ट रुटान यांच्या ‘व्हॅरीइझ’ या छोट्या विमानावर त्या काळातच विंगलेट बसल्या.

मात्र विंगलेट फुकट मिळत नाही. तिचे स्वतःचे वजन असते, हवेशी घर्षण असते आणि पंखाच्या मुळावर ताणही वाढतो. वेगवान प्रवासात, जेव्हा प्रेरित रोध मुळातच कमी असतो, तेव्हा तिचा फायदा आटतो. त्यामुळे टोक बदलण्याआधी विमान कशासाठी वापरायचे, हे ठरवावे लागते. शोभेसाठी टोक बदलणे म्हणजे पंखाच्या मजबुतीशी खेळ.