बहीण चालते, नागरिक नाही

ऑक्टोबर २०२५ मध्ये पुण्याच्या शनिवारवाड्यात काही बायकांनी नमाज पढल्याची चित्रफीत फिरली. खासदार मेधा कुलकर्णी कार्यकर्त्यांना घेऊन तिथे पोचल्या आणि गोमूत्र शिंपडून त्या जागेचं शुद्धीकरण झालं. २०१९ मध्ये याच मेधाताईंचं तिकीट कापलं म्हणून कोथरूडमधल्या कितीतरी बायका संतापल्या होत्या. मीही त्यांच्यातलीच. बाईला सत्तेत जागा मिळावी म्हणून आम्ही तेव्हा तावातावानं बोललो होतो. बायका जिथे बसल्या ती जागा विटाळली असं खासदार झालेल्या बाईनंच ठरवावं, हे माझ्या जिव्हारी लागलं. २०१४ पासून भाजपनं आम्हाला काय दिलं आणि काय काढून घेतलं, हे त्या दिवसापासून मनात घोळतं आहे.

आधीच्या काँग्रेसच्या काळाबद्दल मला फारसं बोलायचं नाही. हमीद दलवाईंनी १९७० मध्ये ज्या शहरात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं, त्या शहरातल्या बायकांना शाहबानो प्रकरणानंतर मुस्लिम बायकांच्या पोटगीला कात्री लावणारा १९८६ चा कायदा विसरता येणं शक्य नव्हतं. राज्याचं १९९४ चं महिला धोरण चांगलं होतं, देशात पहिलं होतं. पण संसदेतलं आरक्षणाचं विधेयक १९९६ पासून लटकलं ते लटकलंच.

त्यामुळे २०१४ मध्ये आमच्यापैकी अनेकींनी कमळाचं बटण दाबलं, त्यात अचंबा वाटण्यासारखं काही नाही. स्त्री चळवळीतल्या विद्या बाळांसोबत काम केलेल्या काही जणींनी तेव्हाही डोक्याला हात लावला होता. पण मार्च २०१० मध्ये राज्यसभेत विधेयक मंजूर झालं त्या दिवशीचा, सुषमा स्वराज आणि वृंदा करात यांचा हसरा फोटो आमच्या डोळ्यांसमोर होता. जाहीरनाम्यात ३३ टक्क्यांचं वचन होतं. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराची जखम ताजी होती. शिवाय कोथरूडची उमेदवार बाई होती, याच मेधाताई, नगरसेविका म्हणून काम केलेल्या. त्या ६४,६६२ मतांनी निवडून आल्या. महर्षी कर्व्यांनी १८९६ मध्ये सुरू केलेल्या संस्थेच्या अंगणात वाढलेल्या या भागाला ते शोभून दिसलं.

सुरुवात आशेचीच होती. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायकांना प्रवेश मिळावा म्हणून विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक उच्च न्यायालयात गेल्या. १ एप्रिल २०१६ ला न्यायालयानं बायकांचा हक्क मान्य केला आणि फडणवीस सरकारनं त्याला विरोध केला नाही. त्याच गुढीपाडव्याला चौथरा खुला झाला. दोन वर्षांनी बायकांना शबरीमलात प्रवेश देणारा निकाल आला, तेव्हा तोच भाजप केरळात बायकांची वाट अडवणाऱ्यांच्या बाजूनं रस्त्यावर उतरला. देऊळ बदललं की हक्क कसा बदलतो, याचं उत्तर आम्हाला कुणी दिलं नाही.

मग २०१९. विद्यमान आमदार बाईला बाजूला सारून कोल्हापूरचे चंद्रकांत पाटील कोथरूडमध्ये आले. गावभर चर्चा झाली ती बाहेरच्या उमेदवाराची आणि ब्राह्मण मतांची. साठ हजारांहून जास्त मतांनी निवडून आलेल्या बाईला हलवणं इतकं सोपं कसं, हा प्रश्न चर्चेत कुठेच नव्हता. पक्षानं पर्वतीत माधुरी मिसाळ आणि कसब्यात मुक्ता टिळक यांना उमेदवारी दिली, हे मी नाकारत नाही. मुक्ताताई तर गंभीर आजारी असताना २०२२ मध्ये रुग्णवाहिकेतून मुंबईला मतदानाला गेल्या. बायकांनी पक्षासाठी इतकं केलं. कोथरूडमध्ये पाटील निवडून आले, पण मताधिक्य २५,४९५ वर आलं.

मे २०२२ मध्ये आमच्या याच आमदारांनी खासदार सुप्रिया सुळे यांना घरी जाऊन स्वयंपाक करायला सांगितलं. मागाहून त्यांनी दिलगिरी व्यक्त केली. पण बाईशी राजकीय वाद घालताना सगळ्यात आधी तोंडात चूल येते, हे ऐकून झालं होतं. त्याच डिसेंबरात राज्याच्या महिला व बालविकास विभागानं आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांवर नजर ठेवणारी समिती नेमली. ओरड झाल्यावर आंतरजातीय वगळलं आणि आंतरधर्मीय तेवढं ठेवलं. सज्ञान मुलीनं कुणाशी लग्न केलं याची नोंद सरकारनं ठेवायची, आणि तीही महिलांसाठी असलेल्या खात्यानं! आमच्यापैकी बऱ्याच जणींचा पक्षावरचा विश्वास इथे कायमचा उडाला. माझाही.

२८ मे २०२३ ला नव्या संसदेचं उद्‌घाटन चालू असताना लैंगिक छळाविरुद्ध आंदोलन करणाऱ्या पदकविजेत्या कुस्तीपटू मुलींना दिल्लीच्या रस्त्यावर पोलिसांनी फरफटत नेलं. सप्टेंबरात आरक्षणाचा कायदा झाला, पण जनगणना आणि मतदारसंघांच्या पुनर्रचनेची अट घालून. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली. महिना १५०० रुपये आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईच्या हातात पडतात, तिला ते लागतात, आणि त्यांना नाक मुरडणाऱ्यांशी माझं पटत नाही. पण त्याच वर्षी विधानसभेत २८८ पैकी फक्त २१ बायका निवडून आल्या. कोथरूडमध्ये भाजप, ठाकरेंची शिवसेना आणि मनसे, तिघांचेही उमेदवार पुरुष होते. पाटील लाखाहून अधिक मतांनी जिंकले. चिडलेल्या बाईनं जायचं कुठे, हे विरोधकांनीही सांगितलं नाही.

आणि ऑगस्ट २०२५. सासर सोडून आलेल्या एका विवाहितेला मदत केली म्हणून कोथरूड पोलिसांनी आपल्याला पोलीस ठाण्यात नेऊन मारहाण आणि जातिवाचक शिवीगाळ केली, अशी तीन तरुणींची तक्रार होती. पोलिसांनी आरोप नाकारले. मुली रात्रभर पोलीस आयुक्तालयात बसल्या. विरोधी पक्षांतले रोहित पवार, सुजात आंबेडकर त्यांच्यासोबत होते. शेवटी मुलींच्या हाती पडलं ते ॲट्रॉसिटीचा गुन्हा नोंदवता येणार नाही असं पत्र. आरोप खरे की खोटे, हे तपासातून ठरलं असतं. राज्याचं गृहखातं भाजपच्या मुख्यमंत्र्यांकडे आहे आणि ते पोलीस ठाणं आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. पुढच्या वेळी मतं मागायला भाजपकडून बाई येवो की पुरुष, आमच्या सोसायटीत आधी त्या पत्राबद्दल बोलावं लागेल.