चढावर गेलेला वेळ

शाळेपासून सारख्याच अंतरावरून सायकलीने येणाऱ्या दोन मुलांपैकी एक रोज उशिरा येतो. रागावण्यापूर्वी आपण त्याचा रस्ता पाहू.

माजलगावचा जलाशय सिंदफणा नदीवरचा. जायकवाडी प्रकल्पातून पैठणचे पाणीही उजव्या कालव्याने त्यात येते. पावसाळ्यात भोवतीची शिवारे हिरवीगार होतात, पण रस्त्यांना चढउतार आहेत. 'चढावर गेलेला वेळ उतारावर भरून निघतो,' असे आपण सहज म्हणतो. निघतो का?

सपाटीवर ताशी १६ कि.मी. वेगाने ४ कि.मी. जायला १५ मिनिटे लागतात. आता २ कि.मी. चढ ताशी ८ कि.मी.ने आणि २ कि.मी. उतार ताशी २४ कि.मी.ने धरू. चढाला १५ मिनिटे, उताराला ५, एकूण २०! ८ आणि २४ यांची सरासरी १६ काढून आपण फसतो, कारण मंद वेगाने आपण जास्त वेळ चालतो. बरोबरी साधायला उतार शून्य मिनिटांत संपवावा लागेल! शिवाय वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो.

कालवा मात्र चढ चढत नाही. टेकाडाला वळसा घालून अगदी थोड्या उताराने जातो. त्याच्या काठची वाट चांगली असेल, तर अंतर ५ कि.मी. झाले तरी पावणेएकोणीस मिनिटेच लागतील.