पंधरा फुटांखालची तार

एका वकील मित्राकडे जुन्या फायली चाळताना उसाच्या आगीचे काही पंचनामे हाती लागले. गावं वेगळी, गट नंबर वेगळे, सालं वेगळी. कारणाच्या रकान्यात मात्र सगळीकडे एकच मजकूर: ‘समजून आले नाही’. शेतावरून विजेची तार गेलेली, वारा सुटलेला, वेळ भर दुपारची, हे त्याच कागदावर चार ओळी आधी लिहिलेलं होतं. तरी कारण काही समजत नव्हतं. हे न समजणं नेमकं कुठं आणि कुणाच्या हातून घडतं ते बघावं, म्हणून गळिताच्या हंगामात निपाणीला गेलो.

निपाणी म्हटलं की जुन्या माणसांना अजून तंबाखू आठवतो. त्याच्या भावासाठी 1981 मध्ये शरद जोशींच्या हाकेवर शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले होते आणि गोळीबारात बारा जण गेले. आता वेदगंगेच्या दोन्ही अंगांना ऊसच ऊस. जमीन कर्नाटकात, उतारा कानडीत, घरातलं बोलणं मराठीत आणि ऊस जाणार हालसिद्धनाथ कारखान्याला, नाहीतर हद्द ओलांडून बिद्रीला, हमीदवाड्याला, कागलला. त्यामुळं फड पेटला तर नुकसान एका राज्यात मोजायचं आणि कपात दुसऱ्या राज्यात सोसायची, असंही होतं.

ज्या फडात मी गेलो तो सव्वा एकराचा. मालकीण साठीच्या घरातली, गावात सगळे तिला अक्का म्हणतात. आग दुपारी लागली. शेजाऱ्यांनी मधला पट्टा तोडून ती पुढं सरकू दिली नाही आणि बंब आला तेव्हा विझवायला फारसं उरलं नव्हतं. मी पोचलो तो दुसरा दिवस. बांधावर पाय ठेवण्याआधीच वास आला: करपलेल्या काकवीचा, गोड आणि घशाला लागणारा. धुराचा वास आंघोळ केली की जातो, हा जात नाही. पुढं कचेरीच्या बाहेर अक्का शेजारी बसली तेव्हा तिच्या पदरालाही तोच होता.

ऊस जळाला म्हणजे राख झाली, असं शहरातल्या माणसाला वाटतं. तसं होत नाही. पाला भसाभस पेटतो, कांडं काळी पडून उभीच राहतात. नुकसान त्यानंतर सुरू होतं. सालीवरचं मेण गेलेलं असतं, साल तडकलेली असते. आतलं पाणी उडतं, साखर फुटते, जंतू शिरतात. दिवसागणिक वजन आणि साखरेचा उतारा दोन्ही घसरतात. म्हणून जळीत उसाला तोड लगेच मिळते, एरवी जिच्यासाठी महिनाभर गट ऑफिसच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. आता, तोड लवकर मिळावी म्हणून स्वतःच काडी लावणारेही असतात. कारखान्याच्या एका चिटबॉयनं मला हे हसत सांगितलं, आणि ते खोटं आहे असं कुणी म्हणालं नाही. कारखान्यानं जळीत उसाला टनामागे कपात ठेवलीय ती या लोकांसाठीच. पण काट्यावर आलेल्या काळ्या उसाला काडीवाला कोण आणि तारवाला कोण हे लिहिलेलं नसतं. कपात सरसकट होते.

आणि इथंच सगळी गोम आहे. पंचनाम्याला ऊस उभा हवा, कारखान्याला तो आडवा हवा. अक्काच्या फडात टोळी सकाळीच उतरली होती. तोडकऱ्यांची तोंडं काजळीनं माखलेली. वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, जळून गेल्यानं त्यांचे वरचे चार पैसे बुडालेले, ते वेगळंच. तलाठी दुपारनंतर आले तेव्हा तारेखालचा ऊस गाडीत भरून झाला होता. मोकळ्या रानात वितळलेल्या ठिबकच्या नळ्या तेवढ्या पडल्या होत्या. तलाठी माणूस भला, पण त्यांच्याकडं गावं अनेक. तिसऱ्या दिवशी लाइनमन आला आणि लोंबणारी तार ओढून ताठ करून गेला. त्यानं काम चोख केलं. पुरावाही तितकाच चोख गेला.

कचेरीबाहेर पत्र्याखाली अर्ज लिहून देणारे बसतात. त्यातले एक मामा, वय सत्तरीला टेकलेलं. अक्कानं तिकडंच नेलं. मामांनी नाव-गाव विचारायच्या आधी विचारलं,

“तार किती उंच हुती?”

“हाताला लागंल एवढी.”

“हाताला लागंल म्हणू नगा, अक्का. फुटात सांगा. पंधरा फूट पायजे.”

रस्ता सोडून इतरत्र जाणारी उघडी तार, अकरा हजार व्होल्टपर्यंतची, जमिनीपासून किमान 4.6 मीटर वर असली पाहिजे, असा नियम आहे. म्हणजे पंधरा फूट. जोमानं आलेला ऊस बारा-तेरा फुटांवर सहज जातो. खांब कललेला, तार सैल, त्यात वारं, की दोन तारा एकमेकींवर आपटतात आणि ठिणगी वाळल्या पाल्यावर पडते. मामा पंधरा फूट हा आकडा दर दोन वाक्यांनी म्हणत होते. माझ्याकडं वळूनही म्हणाले, “पंधरा फूट, पाव्हणं. बाकी सगळं भाषण.”

मग त्यांनी विचारलं, “म्हैस कुठं हुती?”

अक्का गोंधळली. “गोठ्यात.”

“गोठा फडापास्नं किती लांब?”

“हाय की, वीस-पंचवीस पावलं.”

मामांनी मान डोलावली आणि ते लिहून घेतलं. मला वाटलं, उगीच पाल्हाळ. तसं नव्हतं. वीज कायदा 2003 चं कलम 161 अपघाताची खबर आणि चौकशी यांबद्दल आहे. त्यात माणूस आणि जनावर यांचा जीव किंवा इजा एवढ्याचाच उल्लेख. पिकाचं नाव नाही. पण जीव ‘जाण्याची शक्यता होती’ अशाही प्रसंगाला कलम लागू होतं. वीस-पंचवीस पावलांवरची म्हैस त्या शक्यतेत बसते, आणि विद्युत निरीक्षकाकडं अर्ज न्यायला वाट मिळते. मामा किती शिकलेत ते मी विचारलं नाही. हे कलम मात्र त्यांच्या इतकं उपयोगाला आणताना मी कुणा वकिलालाही पाहिलेलं नाही.

सरकारी मदतीचं काय? आग ही आपत्तींच्या केंद्रीय यादीत आहे. 2022-26 साठीच्या निकषांत पिकाचं 33 टक्के किंवा जास्त नुकसान असेल तर बागायतीला हेक्टरी 17,000 रुपये, तेही दोन हेक्टरांपर्यंत. एकराला सातेक हजार. एकरी चाळीस टन धरला, तर 2024-25 च्या टनाला 3,400 रुपये एफआरपीनं, म्हणजे केंद्रानं ठरवलेल्या किमान दरानं, तो ऊस 1,36,000 चा होतो. शिवाय ऊस कारखान्याला गेला म्हटल्यावर 33 टक्के नुकसान दाखवायचं कशात? पीक विम्यात वैयक्तिक नुकसान म्हणून वीज कोसळून लागलेली आग बसते, 72 तासांत कळवलं तर. तारेतली वीज ही विम्याच्या लेखी वेगळी वीज. थोडक्यात, आभाळातून पेटलं तर विमा, आणि खांबावरून पेटलं तर तुम्ही आणि वीज कंपनी.

कायदा तसा शेतकऱ्याच्या बाजूनं उभा करता येतो. पावसाच्या पाण्यात पडलेल्या जिवंत तारेनं सायकलस्वाराचा बळी घेतला, त्या मध्य प्रदेश वीज मंडळाच्या खटल्यात 2002 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, असली धोकादायक वस्तू हाताळणाऱ्यावर हलगर्जीपणा सिद्ध न होताही जबाबदारी येते. तार वीजचोरानं टाकली होती, हा बचावही चालला नाही. पण आधी आग तारेमुळं लागली हे तर ठरलं पाहिजे. कॅलिफोर्नियात 8 नोव्हेंबर 2018 ला पॅराडाइज हे गाव जळालं, 85 माणसं गेली. तिथं जवळपास शंभर वर्षं जुना, झिजलेला एक लोखंडी हुक तुटून वाहिनी सुटली होती. तपास करणाऱ्यांनी खांबावरचे भाग उतरवून ताब्यात घेतले. पीजी अँड ई कंपनी दिवाळखोरीत गेली, पीडितांसाठी साडेतेरा अब्ज डॉलरचा निधी ठरला, त्यातला निम्मा शेअरच्या रूपात. तिथल्या लोकांनाही पैसे सुखासुखी मिळाले नाहीत. पण हुक जपून ठेवला गेला. अक्काची तार तिसऱ्या दिवशी ताठ झाली.

उरतो तो ग्राहक आयोग. मुदत दोन वर्षांची आणि पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही. कर्नाटकात दहा अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपाला वीज फुकट, तेव्हा ‘तुम्ही ग्राहकच कसे?’ हा मुद्दा समोरून निघू शकतो, असं माझा वकील मित्र म्हणाला. त्या विजेचे पैसे सरकार कंपनीला भरतं, हे त्याचं उत्तर. ते बेळगावात जाऊन द्यायचं, तारखा धरून. सव्वा एकरवाल्याला ते परवडतं, असं माझं मत नाही.

मामांना या वादात रस नव्हता. त्यांनी गेल्या दोन हंगामांच्या वजनाच्या पावत्या मागितल्या. त्याच रानाचं आधीचं टनेज आणि यंदाचं जळीत शिक्क्याचं टनेज, दोन्ही शेजारी लावायचं म्हणाले. पंचनाम्यात काहीही असो, काटा तरी खरं बोलतोय. अक्काच्या पुतण्यानं आगीच्या आधीच्या आठवड्यात रानात काढलेला एक फोटो मोबाइलमध्ये सापडला. फोटो म्हशीच्या रेडकाचा होता, मागं लोंबणारी तार दिसत होती. मामांनी तो मोठा करून बघितला आणि तारखेसकट छापून आणायला पोराला पिटाळलं.

“किती मिळतील ओ मामा?” अक्कानं विचारलं.

“ते मला इचारू नगा. तीन प्रती हायत. एक कंपनीला, एक तहसीलदाराला, एक निरीक्षकाला. पोच घेतल्याबिगर खिडकी सोडायची न्हाई. आणि कारणात ‘समजून आले नाही’ घालाया लागले तर सही करू नगा, मला हाक मारा.”

त्यांनी पन्नास रुपये घेतले आणि पुढच्या माणसाचा उतारा हातात घेतला.